डोळ्यातील इंजेक्शनांमधले अंतर वाढवताना: जळगावच्या एका रेटिना विभागाविषयी

वाढत्या वयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत जातो, त्या आजाराला डॉक्टर मंडळी एआरएमडी म्हणतात. त्याच्या 'ओल्या' प्रकारावर आज डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही, आणि ही इंजेक्शने एकदोनदा घेऊन संपत नाहीत. खान्देशातल्या तालुक्यांतून म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून जळगाव किंवा धुळे गाठणाऱ्या कुटुंबाला औषधाच्या नावापेक्षा 'आता पुन्हा कधी यायचे' हाच प्रश्न अधिक छळतो. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे जिजी म्हणतात, अमळनेरहून जळगावातील एका नेत्र रुग्णालयाच्या रेटिना, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, विभागात उपचार घेत आहेत. महिन्यावर सुरू झालेले त्यांचे इंजेक्शन आज अडीच महिन्यांवर आले आहे, आणि या काळात त्यांची नजर टिकून आहे. हे अंतर तिथे ज्या शिस्तीने वाढवले गेले, त्याविषयी हा अभिप्राय आहे. माझ्या मते या विभागाची खरी किंमत त्या शिस्तीत आहे. इमारत, यंत्रे आणि औषधे आता इतरत्रही मिळतात.

आधी आजाराविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे साठीपुढच्या माणसाला अंधुक दिसू लागले की घरचे सगळे मोतीबिंदू गृहीत धरतात आणि तो 'पिकण्याची' वाट पाहत बसतात. पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा इवलासा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे त्याच्यावर चालतात. ओल्या प्रकारात या भागाखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या नव्याने उगवतात, त्यांतून पाणी आणि रक्त पाझरते, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास तिथे कायमचा व्रण तयार होतो. मोतीबिंदूत सगळेच धूसर होते. यात मात्र सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात आणि नजरेच्या बरोबर मधोमध डाग येतो. जिजींना स्वयंपाकघरातल्या फरशीचे सांधे मध्येच वळलेले दिसू लागले होते आणि दाराची चौकट पोटात आल्यासारखी वाटत होती. अशी तक्रार घरात कोणी केली, तर मोतीबिंदूच्या शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना दाखवावे, एवढे मी येथे आग्रहाने सांगेन.

या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांना वाढीचा संदेश देणारे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन रोखणे, हे इंजेक्शनाचे काम. रॅनिबिझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2006 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, तेव्हा ज्या चाचण्यांवर ती मिळाली त्यांत दर महिन्याला इंजेक्शन दिले गेले होते. त्याआधीच्या उपचारांनी फार तर नजर जाण्याचा वेग कमी होत असे. या औषधाने अनेकांची नजर प्रथमच सुधारली. मात्र औषध डोळ्यात काही आठवडेच टिकते आणि आजार आयुष्यभर राहतो. दर महिन्याला इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवणे जगात कुठेच सोपे गेलेले नाही, मग कापसाच्या वेचणीत घरातला एकही माणूस मोकळा नसलेल्या आपल्या भागात ते कसे जमावे?

ही अडचण सोडवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक रुग्णाच्या घरच्यांना कळलाच पाहिजे. पहिली पद्धत 'गरज पडेल तेव्हा' अशी. जिजींचा उपचार ज्या ठिकाणी सुरू झाला, तिथे सुरुवातीची इंजेक्शने झाल्यावर 'आता दिसायला त्रास वाटला तरच या' असे सांगून आम्हाला पाठवण्यात आले. ही पद्धत दरमहा तपासणी आणि स्कॅन यांच्या जोडीने वापरली तर तिला वैद्यकीय आधार आहे; तपासणीशिवाय ती धोक्याची आहे, कारण रुग्णाला नजरेतला फरक जाणवेपर्यंत पडद्याखाली पाणी बरेच दिवस साचलेले असते आणि त्या काळात झालेली हानी पुढच्या इंजेक्शनाने पूर्ण भरून निघत नाही. शिवाय दुसरा डोळा चांगला असेल तर तो सारे सांभाळून घेतो आणि बिघाड कळतच नाही. जिजींचे नेमके हेच झाले. रॅनिबिझुमॅबच्या मूळ चाचण्यांतील रुग्णांना सुमारे सात वर्षांनी पुन्हा तपासणारा 'सेव्हन-अप' हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी संपल्यावर तुरळक इंजेक्शने मिळालेल्या या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांची नजर मूळच्यापेक्षाही बरीच खालावली होती. इंजेक्शने कमी करणे आणि उपचार कमी पडणे यांतली सीमा फार बारीक आहे, हे त्यातून दिसते.

जळगावच्या विभागात दुसरी पद्धत वापरतात. तिला 'ट्रीट अँड एक्स्टेंड' म्हणतात, आणि तिथल्या सिस्टर रुग्णांना ती 'सुई द्यायची आणि पुढची तारीख लांबवायची' अशा सोप्या शब्दांत सांगतात. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शने होतात. त्यानंतर प्रत्येक भेटीत नजर तपासली जाते, पडद्याचा छेद दाखवणारा ओसीटी स्कॅन होतो आणि इंजेक्शनही दिले जाते. पडदा कोरडा असला तरी ते टाळत नाहीत. स्कॅनवरून ठरते ते फक्त पुढचे अंतर. पाणी नसेल तर दोन आठवडे वाढतात, म्हणजे चाराचे सहा, सहाचे आठ, आठाचे दहा. पाणी दिसले तर अंतर पुन्हा कमी होते. आजार उलटण्याआधीच पुढची मात्रा द्यायची आणि त्या विशिष्ट डोळ्याला किती आठवडे पुरते हे हळूहळू शोधून काढायचे, असा त्यामागचा विचार आहे. कॅनडातील 'कॅनट्रीट' या चाचणीत रॅनिबिझुमॅब या पद्धतीने दिलेल्या रुग्णांना दोन वर्षांत सरासरी 17.6 इंजेक्शने लागली, तर दरमहा घेणाऱ्यांना 23.5, आणि दोन्ही गटांत नजरेचा फायदा जवळपास सारखाच राहिला. दोन वर्षांत सहा इंजेक्शने वाचणे हे कागदावर लहान वाटेल. ज्यांना प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडवून सोबत जावे लागते, त्यांना ते लहान वाटणार नाही.

या विभागातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ओसीटीच्या खोलीत घडते. स्कॅनला वेदना नसते. हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे काही क्षण पाहायचे असते. त्यानंतर डॉक्टर पडद्याचा उभा छेद दाखवणारे चित्र संगणकावर उघडतात, मागच्या भेटीचे चित्र त्याच्या शेजारी लावतात आणि संगणक रुग्णाकडे वळवतात. निरोगी मॅक्युलाच्या मधोमध एक हलकी खोलगट जागा असते. जिजींच्या पहिल्या चित्रात तिथे उंचवटा आला होता आणि त्याखाली काळा पोकळ पट्टा दिसत होता. काळे म्हणजे पाणी, एवढेच डॉक्टरांनी त्यांना शिकवले. त्यानंतर प्रत्येक वेळी जिजी स्वतःच जाड चष्म्यातून दोन्ही चित्रे निरखतात आणि काळे कमी झाले की नाही ते सांगतात. फारशा न शिकलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईला आपल्या उपचाराचा आधार स्वतःच्या चांगल्या डोळ्याने पाहता येतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. अंतर का वाढले आणि का नाही, यावर नंतर घरात वाद होत नाही.

खरी परीक्षा बारा आठवड्यांवर झाली. दहा आठवड्यांपर्यंत पडदा कोरडा राहिला होता, म्हणून आणखी दोन वाढवले, आणि त्या भेटीत काळी रेघ पुन्हा दिसली. नजरेच्या तक्त्यावर जिजींनी आधीइतक्याच ओळी वाचल्या होत्या आणि त्यांची स्वतःची काहीही तक्रार नव्हती. 'दिसेपर्यंत थांबा' या सल्ल्यावर आम्ही चाललो असतो तर ही रेघ कोणाला कळलीच नसती. डॉक्टरांनी अंतर पुन्हा दहा आठवड्यांवर आणले आणि पडदा परत कोरडा झाला. अंतर वाढवणे ही रुग्णाला दिलेली बक्षिशी नव्हे आणि कमी करणे हे अपयशही नव्हे, तुमच्या डोळ्याचे माप आता मिळाले, असे त्यांनी शांतपणे समजावले. काही रुग्णांना बारा किंवा सोळा आठवडे चालतात, काहींना प्रयत्न करूनही चार-सहाच्या पुढे जाता येत नाही, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. भरमसाट आश्वासन न देणारा डॉक्टर मला नेहमीच अधिक विश्वासाचा वाटतो.

औषधाच्या निवडीबाबतही विभागाने मोकळेपणाने माहिती दिली. सर्वांत स्वस्त पर्याय बेव्हासिझुमॅब. हे औषध मुळात कर्करोगासाठीचे. डोळ्यात त्याचा वापर त्या मूळ मान्यतेच्या बाहेरचा, पण जगभर रूढ आहे. अमेरिकेतील 2011 च्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत दरमहा दिल्यावर नजरेच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचे ठरले. अडचण अशी की मोठ्या कुपीतून लहान मात्रा वेगळ्या काढाव्या लागतात आणि हे काम निर्जंतुक व्यवस्थेत झाले नाही तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. गुजरातमधील काही रुग्णांना त्रास झाल्यावर 2016 च्या सुरुवातीला केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा दिला होता, तो नंतर मागे घेण्यात आला. म्हणून स्वस्त इंजेक्शन घेताना मात्रा कुठे आणि कशी भरली जाते, हे विचारायला संकोच करू नये. येथे विचारल्यावर नीट उत्तर मिळाले. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची समतुल्य आवृत्ती 2015 पासून मिळते आणि ती मूळ औषधापेक्षा बरीच स्वस्त पडते. जिजींची सुरुवात तिच्यावरच झाली.

जास्त दिवस टिकणाऱ्या औषधांची चर्चा अंतर आठ आठवड्यांवर आल्यावर निघाली. ॲफ्लिबरसेप्ट 2011 मध्ये आले, ते सुरुवातीच्या तीन मात्रांनंतर दोन महिन्यांनी देण्याच्या हिशेबाने. फॅरिसिमॅबला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. ते व्हीईजीएफबरोबरच अँजिओपोएटिन-2 हे रक्तवाहिन्या अस्थिर करणारे दुसरे प्रथिनही रोखते. त्याच्या 'टेनाया' आणि 'ल्युसर्न' या चाचण्यांत पहिल्या वर्षाअखेर सुमारे 45 टक्के रुग्ण सोळा आठवड्यांच्या अंतरावर होते, आणि बारा आठवडे किंवा अधिक अंतर असलेल्यांचे प्रमाण 80 टक्क्यांच्या जवळ होते. ॲफ्लिबरसेप्टची 2 मिलिग्रॅमऐवजी 8 मिलिग्रॅमची मोठी मात्राही 2023 पासून अमेरिकेत मान्य आहे, तिचाही उद्देश हाच. ब्रोल्युसिझुमॅबनेही बारा आठवड्यांचे अंतर दाखवले होते, पण 2020 मध्ये काही रुग्णांत पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद पडल्याच्या नोंदी पुढे आल्या, तेव्हापासून ते जपून वापरले जाते. ही सगळी माहिती देऊन झाल्यावर डॉक्टरांनी जिजींसाठी फॅरिसिमॅबची शिफारस केली नाही. स्वस्त औषधावर दहा आठवडे मिळत असतील, तर कित्येक पटींनी महाग औषध घेऊन वाढणारे दोनचार आठवडे तुमच्या घराला परवडतात का, हा हिशेब तुम्ही करा, असे त्यांनी सुचवले. ज्या रुग्णाचा पडदा चार आठवड्यांतच ओला होतो, त्याच्या बाबतीत हाच हिशेब उलटा येऊ शकतो, हेही त्यांनी सांगितले. महागडे औषध विकण्याची संधी समोर असताना दिलेला हा सल्ला मी विसरणार नाही.

इंजेक्शनाविषयी लोकांच्या मनात असलेली भीती प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी आहे. बाहुली मोठी करणारे आणि डोळा बधिर करणारे थेंब टाकतात, पापण्या आणि डोळा बीटाडीनने स्वच्छ करतात, निर्जंतुक कापड घालतात आणि पापण्या उघड्या ठेवणारी लहान क्लिप बसवतात. सुई केसासारखी बारीक असते. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागातून, पाण्याच्या एका थेंबाइतके औषध आत जाते. जिजींच्या मते सुईपेक्षा बीटाडीनची चरचर अधिक त्रास देते, आणि ती संध्याकाळपर्यंत राहते. टेबलापाशी उभ्या असलेल्या सिस्टर त्यांचा हात धरून ठेवतात आणि सुई निघताच 'व्हई गयं, जिजी', म्हणजे 'झालं, जिजी', असे अहिराणीत सांगतात; त्या दोन शब्दांनी जिजींचे आवळलेले खांदे सैल होताना मी पाहिले आहेत. नंतर एकदोन दिवस नजरेसमोर काळे ठिपके तरंगू शकतात आणि पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसू शकतो, त्यांना घाबरण्याचे कारण नसते. वाढत जाणारी वेदना, लाली आणि उतरत जाणारी नजर ही मात्र आतल्या जंतुसंसर्गाची चिन्हे असू शकतात. हे दर काही हजार इंजेक्शनांमागे एखादेवेळी घडते, पण घडले तर तासांचा प्रश्न असतो. विभाग यासाठी वेगळा फोन नंबर लिहून देतो आणि तो रात्रीही उचलला जातो.

आता उणिवा. इंजेक्शने आठवड्यातून ठरावीक दिवशीच देतात, त्यामुळे त्या दिवशी गर्दी असह्य होते. सकाळच्या गाडीने धरणगाव, अमळनेर, नंदुरबारकडून आलेली माणसे थेंब टाकून, डोळे मिटून, दुपारपर्यंत बाकांवर बसून असतात. दूरच्या गावांहून येणाऱ्यांना आधी बोलावण्याची सोय करणे अवघड नाही. आम्ही तसे लेखी सुचवले आहे, अजून बदल झालेला नाही. ओसीटीच्या चित्रांची छापील प्रत मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळते ती काळ्या शाईत इतकी फिकट असते की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून उपयोग होत नाही. मोबाइलवर मूळ चित्र पाठवण्याची पद्धत त्यांनी सुरू करायला हवी. तिसरी गोष्ट गंभीर आहे. पुढची तारीख चुकवलेल्या रुग्णाला विभागाकडून फोन जात नाही. ज्या पद्धतीचा सारा डोलारा तारखेवर उभा आहे, तिथे ही सोय आधी हवी. अंतर जितके लांब, तितकी तारीख विसरण्याची शक्यता अधिक, आणि घरात लग्न निघाले किंवा मका काढणीला आला की ती हमखास मागे पडते. आम्ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहितो.

दोन भेटींमधल्या काळासाठी विभागाने चौकटी चौकटींचा एक छापील तक्ता दिला आहे, त्याला ॲम्स्लर ग्रिड म्हणतात. तो आम्ही कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. रोज सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे आणि रेषा वाकल्या किंवा तुटल्या का ते सांगायचे. मग दुसरा डोळा झाकायचा. दुसऱ्या डोळ्यालाही हा आजार होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून तो डोळाही प्रत्येक भेटीत तपासतात.

गोळ्यांबाबत डॉक्टरांचे उत्तर सरळ होते. ल्युटीन, झिअॅक्झॅन्थिन, जस्त आणि जीवनसत्त्वे यांच्या ज्या संयोगाचा 2013 च्या 'एरेड्स-2' अभ्यासात विचार झाला, त्याचा उपयोग मध्यम अवस्थेतला आजार पुढे सरकण्याचा धोका कमी करण्यासाठी आहे. इंजेक्शनांची संख्या त्याने कमी होते असे समजून गोळ्यांवर खर्च करू नये. जिजींचा दुसरा डोळा मध्यम अवस्थेत असल्याने त्यांना त्या दिल्या आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र त्यांनी माझ्यासमोर अनेकदा कडक शब्दांत सांगितले आहे, कारण बदलता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान सर्वांत वरचे आहे.

एकदाच काही करून ही इंजेक्शने थांबवता येतील का, असेही आम्ही विचारले. डोळ्यात बसवायची आणि सहा महिन्यांनी भरायची औषधाची लहान कुपी अमेरिकेत 2021 मध्ये मान्य झाली, पुढच्याच वर्षी दोष आढळल्याने कंपनीने ती परत बोलावली आणि दुरुस्तीनंतर पुन्हा आणली. ब्रिटनमधील 'स्टार' या चाचणीत एकदाच दिलेल्या अचूक किरणोपचाराने दोन वर्षांतली सरासरी इंजेक्शने 13.3 वरून 10.7 वर आली. डोळ्यातच औषध तयार करवणाऱ्या जनुक-उपचारांच्या चाचण्याही चालू आहेत. यांपैकी काहीही आज जळगावात मिळत नाही, आणि त्याची वाट पाहत हातातले इंजेक्शन लांबणीवर टाकू नका, असे आम्हाला सांगण्यात आले.

खर्चाबद्दल एक उपयोगाची गोष्ट. आरोग्य विम्याच्या नियामकाने 2019 मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असे ठरवले, त्यांत डोळ्यातील इंजेक्शने आहेत. कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात, म्हणून पॉलिसीतला तो परिच्छेद वाचूनच जावे. बिलाच्या खिडकीवर ही माहिती आपणहून देत नाहीत, मागावी लागते. विचारल्यावर कागदपत्रे मात्र तत्परतेने करून देतात. पहिल्या भेटीला जाताना आधीच्या सगळ्या इंजेक्शनांच्या तारखा, औषधांची नावे आणि जुने स्कॅन तारखेवार लावून न्यावेत, सोबत एक धडधाकट माणूस आणि परतीच्या उन्हासाठी काळा चष्मा असावा, आणि रुग्णाला अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ते इंजेक्शनाच्या आधी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.